रूडी मिहेलिचचं दोरंगी छप्पर

"छप्पर सरकार घालून देणार, वीज सूर्य देणार, आणि मी नुसता खुर्चीत बसून बघणार!" रूडी मिहेलिचनं रविवारी फोनवर लेकीला ठणकावून सांगितलं.

लेक डीना सिएटलला. ती बापाशी गाडी चालवता चालवता बोलायची, त्यामुळे बापाच्या आयुष्यातल्या घडामोडी तिला फक्त लाल सिग्नलला कळायच्या.

"डॅड, करातली सूट सोलर पॅनेलवर असते. छपरावर कुठली?"

"अगं, पॅनेल काय हवेत टांगायचे? छपरावरच ना? मग छप्पर त्यातच आलं!"

"कुणाला तरी नीट विचारून घे रे..." आणि सिग्नल सुटला.

रूडीनं प्युब्लो शहरातल्या पोलाद कारखान्यात जन्मभर क्रेन चालवली. बायको व्हेरा गेली तेव्हापासून त्याच्या घरात बोलणारा एकटा टीव्ही उरला होता. हवामान सांगणारी बाई "उद्या भेटूच!" म्हणाली की रूडी "हो हो, या," म्हणायचा. जाहिरातीचे ध्वनिमुद्रित फोन लोक धाडकन आपटतात. रूडी ते शेवटपर्यंत ऐकायचा. एकदा तर त्यानं त्या यंत्राला "बरंय, काळजी घ्या," असंही सांगितलं होतं!

अशा घराचं दार, त्या रविवारच्या फोनआधी, ब्रिएलनं वाजवलं होतं. सोलर कंपनीची पोरगी, हसरी, आणि मुख्य म्हणजे जिवंत! रूडीनं तिला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, पोतीत्सा कापली. अक्रोडाचं सारण भरून वळकटीसारखी गुंडाळलेली ही गोड पाव-वळी व्हेरा फक्त नाताळात करायची. रूडी मात्र ती दर शुक्रवारी भाजायचा. खायला कोणी नाही, म्हणून फ्रीजर असा गच्च भरला होता, की बर्फाला आत जागा नव्हती.

ब्रिएल शिडीवरून छप्पर बघून आली. "मिस्टर मिहेलिच, तुमचं छप्पर म्हातारं झालंय."

"मीही झालोय. मला कुठं कोण बदलतंय?"

"तसं नाही हो! पॅनेल पाव शतक टिकतात. मधेच छप्पर गेलं, तर सगळे उतरवा, पुन्हा चढवा! त्यापेक्षा आधी छप्पर, मग पॅनेल. आणि करात सूटही मिळते, पण तेवढं तुमच्या कर बघणाऱ्याला विचारून..."

रूडी 'सूट' या शब्दावरच उतरला होता. पुढची गाडी त्याच्याशिवाय गेली.

मग त्याला एक मोठा शोध लागला. छपराचे ठेकेदार घरी येऊन फुकट अंदाज देतात! फोन करायचा अवकाश, माणूस दारात! मोजमाप घेतो, बसतो, कॉफी पितो, आणि आपण काहीही बोललो तरी मान डोलावतो!

पहिला आला एफ्राइन लुसेरो. शांत, जाड मिशांचा. त्याचे वडील रूडीच्याच कारखान्यात भट्टीवर होते, म्हणजे अख्खी दुपार निघाली. जाताना एफ्राइननं विचारलं, "गुडघा दुखतोय ना तुमचा? उठताना बघितलं मी."

कैक महिन्यांत रूडीच्या गुडघ्याची चौकशी कुणी केली नव्हती. त्यानं तिथल्या तिथं एफ्राइनचा हात हातात घेतला. "काम तुमचं!"

इथं थांबायला हवं होतं. पण डार्ला हॅकेट या दुसऱ्या ठेकेदारालाही येण्याचं आधीच सांगून ठेवलेलं! डार्ला म्हणजे माणसाच्या आकाराचा भोंगा. तिनं पोतीत्सावर असा हात मारला की रूडीनं फ्रीजर उघडला. तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, "कुणी केली ही? तुम्ही? बायकोनं शिकवली? सांगा, सांगा, कशी होती बायको?"

रूडीनं सांगितलं. सांगता सांगता पुढ्यात टॅबलेट आला, आणि त्यानं बोटानं सही केली. व्हेराबद्दल इतकं ऐकून घेणाऱ्या बाईला 'नको' कसं म्हणायचं?

आता एकाला नकार देणं भाग होतं. रूडीनं एफ्राइनला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "काय म्हणतोय गुडघा?" रूडी म्हणाला, "गुडघा उत्तम! मंगळवारी या!"

मग डार्लाला लावला. तिच्या यंत्रानं निरोप ठेवायला सांगितलं. नकार एकदम तोंडावर कसा फेकायचा, म्हणून रूडीनं आधी पोतीत्साच्या पिठाचं सांगितलं. मग सारणाचं. मग सारणात मध कधी घालायचा ते. "तर मंगळवारी," तो मुद्द्यावर आला, "मंगळवारी तुम्ही..." आणि पुढचं 'येऊ नका' म्हणण्याआधीच यंत्रानं फोन कापला.

मंगळवारी एफ्राइनची माणसं पुढच्या अंगणात उतरली, शिड्या लावल्या आणि जुनं छप्पर खरवडू लागली. रूडी खुशीत त्यांच्यासाठी डोनट आणायला गेला. तेवढ्यात मागच्या गल्लीतून डार्लाचा ट्रक आला. तिची टोळी मागच्या बाजूनं चढली आणि तीही खरवडू लागली! घराच्या दोन्ही अंगांनी इतका धडधडाट चालला होता, की ज्याला त्याला दुसऱ्याचा आवाज आपलाच वाटत होता.

दोन्ही टोळ्या आढ्यावर समोरासमोर आल्या. आढ्याच्या अलीकडून एफ्राइनच्या मिशा वर आल्या, पलीकडून डार्लाची टोपी.

"तू कोण?"

"मी कोण? तू माझ्या छपरावर काय करतोयस?"

"तुझं छप्पर? हातात हात देऊन ठरलंय हे काम!"

"हातात हात! माझ्याकडे सही आहे, सही!"

खाली डोनटचा खोका घेऊन रूडी उभा. दोघंही वरून ओरडले, "मिस्टर मिहेलिच! तुम्ही गिऱ्हाईक कुणाचं?"

"दोघांचं," रूडी म्हणाला. तेही इतकं हळू, की त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

"पण छप्पर एकच आहे ना!" डार्ला गरजली. "दोघांना कशाला सांगितलंत?"

घरावर छप्पर नाही, याचं रूडीला काही नव्हतं. पण आता साऱ्या गल्लीसमोर खरं सांगायचं, याची भयंकर लाज वाटली. तो डोनटच्या खोक्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही दोघंही छान बोलता हो."

एफ्राइननं मिशीवरून हात फिरवला. डार्लानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

त्याच वेळी पश्चिमेकडे आभाळ हिरवंकाळं झालं. प्युब्लोत ते तसं झालं की गारा ठरलेल्या, आणि वाद बंद! दोन्ही टोळ्यांनी मिळून ताडपत्र्या ओढल्या, ठोकल्या, आणि पहिली गार पडताच सगळी माणसं रूडीच्या स्वयंपाकघरात घुसली. ओटा, पायरी, फ्रीजची कड, जिथं जागा मिळेल तिथं माणूस! व्हेराच्या खुर्चीवर ती गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं. डार्ला तीवर धपकन बसली. रूडीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिच्या पुढ्यात बशी ठेवली.

गारा वर तोफा डागत होत्या. ताडपत्रीतून धार लागली, तिच्याखाली बादली आली. फ्रीजर तळापर्यंत रिकामा झाला. इतक्यात डीनाचा फोन.

"डॅड! कसला गोंधळ? पार्टी आहे का?"

"छपराची माणसं आलीयत!"

"मग छप्पर कुठंय?"

"ते नाहीये! पण माणसं आहेत!"

गारा थांबल्या तेव्हा रूडी एकटाच खिडकीशी जाऊन आभाळात आणखी एखादा ढग आहे का ते बघून आला. नव्हता.

एफ्राइन आणि डार्ला यांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं. दोघांचंही सामान येऊन पडलं होतं, म्हणून पुढची बाजू तपकिरी झाली आणि मागची हिरवी. हिरवीवर ब्रिएलचे पॅनेल चढले. सगळे हात हलवून गेले. मग घर इतकं शांत झालं, की वीज तयार होतानाचा आवाज येतो का म्हणून रूडी अंगणात कान देऊन उभा राहिला. येत नव्हता.

कर भरायच्या दिवसांत तो कागद घेऊन लोइस ट्रुहियोच्या कचेरीत गेला. लोइस साऱ्या वस्तीचे कराचे कागद भरून द्यायची.

"छप्पर यात धरत नाहीत, मिस्टर मिहेलिच."

"पण पॅनेल त्याच्यावरच आहेत!"

"घर जमिनीवर आहे, म्हणून जमीन धरू का?"

"बरं. पॅनेलची सूट तरी द्या."

लोइसनं पडद्यावर बघितलं. "सूट करातून वजा होते. तुमचा कर आहेच चिमूटभर. कशातून वजा करू?"

"म्हणजे बुडाली?"

"नाही, उरलेली पुढच्या वर्षी वापरता येते. मग त्याच्या पुढच्या."

"सगळी संपायला किती वर्षं लागतील?"

लोइसनं पडद्याकडे बघितलं, रूडीकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. "तुम्ही तब्येतीला जपा."

रूडीनं हातातले कागद खाली ठेवले. "म्हणजे मला दर वर्षी इथं यावं लागणार?"

"हो."

"तुमच्यासमोर बसावं लागणार?"

"समोरच. वेळ लागतो त्याला. सॉरी हं."

"छे, छे!" रूडी पुढं सरकला. "पुढच्या वर्षीची वेळ आत्ताच लिहून घ्या. शेवटची द्या, मागं कोणी ताटकळत नसेल अशी."

"अहो, पुढच्या वर्षीच्या वेळा अजून लावल्याच नाहीत आम्ही."

"लावा की," रूडी म्हणाला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी थांबतो."