व्याह्यांसाठी फुटबॉल

"अरे, त्यांना आवडतं तरी काय, ते समरला विचार ना एकदा," पोह्यांची बशी नवऱ्यापुढे ठेवत अरुणा म्हणाली. सकाळपासून ती हेच म्हणत होती, म्हणून विनयराव घैसासांनी शेवटी फोन उचलला.

त्यांच्या मुलीचं, वरदाचं, लग्न ठरलं होतं. मुलगा समर साळोखे, जन्म अमेरिकेतला, नोकरी एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये. मुलाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा. कमलाकरराव साळोखे व्हिडिओ कॉलवर सुरुवातीला "नमस्कार" म्हणत आणि शेवटी "बरंय" म्हणत. मधल्या वेळात त्यांच्या कपाळाचा वरचा भाग तेवढा दिसे. बाकी सगळं श्यामलाताई बोलत. त्यामुळे ह्या माणसाला आपली मुलगी पसंत नाही, असं अरुणाच्या मनाने घेतलं होतं. आता ते दोघं ओहायोहून पहिल्यांदाच लंडनला, घैसासांच्या वेम्बलीतल्या घरी राहायला येणार होते.

"बाबा ना? फुटबॉल," समर फोनवर म्हणाला. "काका, इंग्लंडमध्ये एक फुटबॉल मॅच बघायला मिळाली ना, तर बाबा काहीही करतील."

विनयरावांना हायसं वाटलं. पुण्याहून दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी आलेला हा माणूस मुलगी लग्नाची झाली तरी इथेच होता आणि घराच्या मागच्या खिडकीतून वेम्बलीच्या प्रसिद्ध फुटबॉल स्टेडियमची कमान दिसत असूनही एकदा आत गेला नव्हता. ते क्रिकेटवाले. मॅचच्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही, नाहीतर परत आल्यावर पार्किंग मिळत नाही, एवढाच त्यांचा फुटबॉलशी संबंध. त्यांनी लगेच मोबाइलवर वेम्बली, फुटबॉल, ऑक्टोबर असं शोधलं. एक मॅच दिसली. शेजारी हेल्मेट घातलेल्या माणसाचा फोटो होता. चष्मा वरच्या खोलीत होता, त्यामुळे तो फोटो त्यांना मोटरसायकलच्या इन्शुरन्सची जाहिरात वाटला. त्यांनी तीन तिकिटं काढून टाकली: कमलाकरराव, आपण आणि वरदा. मग तसाच ओहायोला फोन लावला.

"कमलाकरराव, आल्या-आल्या वेम्बलीत फुटबॉल बघायला जायचंय आपल्याला!"

पलीकडून लांबून आवाज आला, "श्यामला! अगं, वेम्बली म्हणतायत ते! वेम्बली!" आणि फोन कुठेतरी आपटला.

शुक्रवारी पाहुणे आले. हीथ्रो विमानतळापासून कमलाकरराव गाडीत गप्पच होते, पण कमान दिसली तसे ते म्हणाले, "जरा थांबता?" जिथे थांबायला मनाई असते त्या दुहेरी पिवळ्या रेघेवर विनयरावांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी थांबवली. कमलाकरराव उतरले, कमानीकडे बघून त्यांनी हात जोडले आणि परत येऊन बसले.

"कोण खेळतंय पण?" त्यांनी विचारलं.

"सरप्राइज आहे," विनयराव म्हणाले. त्यांना ते खरोखरच माहीत नव्हतं.

त्या दिवशी जेवताना कमलाकरराव बोलायला लागले. अरुणाच्या हातातला डाव हातातच राहिला.

"आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडं पेठेची मॅच म्हणजे सगळं गाव स्टेडियमवर. मी शाळा बुडवून जायचो, मास्तर मला तिथंच भेटायचे. आणि नशिबानं कुठं नेलं, तर ओहायोत! तिथं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून टकरा मारायच्या. ते झालं की बास्केटबॉल, मग बेसबॉल. आमच्या खेळाला म्हणायचं सॉकर. लहान पोरं खेळतात, आया गाडीतनं सोडतात, संत्र्याच्या फोडी खातात आणि घरी येतात. पोरं मोठी झाली की विषय संपला. आता मोठ्या शहरांत स्टेडियमं भरतात म्हणे, पण आमच्या गल्लीत अजून काही पोचलेलं नाही. वर्ल्ड कप आपल्या अमेरिकेत येणार म्हणून शेजाऱ्याला कौतुकानं सांगायला गेलो. तो म्हणाला, 'ग्रेट! कुठल्या खेळाचा?'"

सगळे हसले. कमलाकररावांनी मात्र पानातला घास तसाच ठेवला.

"तळघरात एकटा बसून मॅच बघतो मी. आयुष्यात आता पहिल्यांदा अशा माणसांत बसणार, ज्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. तुमचे उपकार आहेत, विनयराव."

"उपकार कसले," विनयराव लाजून म्हणाले. त्या क्षणी त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

हा अभिमान रविवारी सकाळपर्यंत टिकला. कमलाकरराव वर आंघोळीला गेले होते आणि त्यांची शीळ खाली ऐकू येत होती. वरदाने तिकिटं स्वतःच्या फोनवर घ्यायला म्हणून उघडली आणि ती एकदम उभीच राहिली.

"बाबा, हा फुटबॉल अमेरिकन आहे!"

"अगं, तेही अमेरिकनच आहेत. बरंच झालं की!"

"नाही बाबा! हेल्मेटवाला फुटबॉल! अंकल रोज ज्याला शिव्या देतो, तो!"

"देतात," अरुणाने सवयीने दुरुस्त केलं आणि मग तिला अर्थ कळला. "विनय! टकरांचा? तू त्या माणसाला अमेरिकेहून बोलावून अमेरिकेचाच खेळ दाखवणारेस?"

"पण लंडनमध्ये तो खेळ कशाला खेळतात?"

"दर वर्षी येतात ते बाबा. सगळ्यांना माहितीये. तुझा चूक आहे."

"तुझी," अरुणा म्हणाली.

पुढचा अर्धा तास विनयरावांनी फोनवर घालवला. आसपासच्या एकाही खऱ्या मॅचचं तिकीट शिल्लक नव्हतं. "आता वर जा आणि सरळ सांगून टाक," अरुणाने फर्मावलं. विनयराव जिना चढले. कमलाकरराव आरशासमोर उभं राहून गळ्यात लोकरी मफलर बांधत होते. तो खास ह्या दिवसासाठी श्यामलाताईंनी स्वतः विणला होता.

"कमलाकरराव, एक सांगायचं होतं..."

"आधी मला बोलू द्या. वरदासारखी मुलगी देताय आणि वर हे! मी बोलत नाही फारसं, पण मनात असतं सगळं."

"नाही, मी म्हणत होतो... चहात आलं चालतं ना तुम्हाला?" असं म्हणून विनयराव खाली आले.

रस्त्यात सांगू, असं ठरलं. श्यामलाताई आणि अरुणा साड्या बघायला ईलिंग रोडला गेल्या आणि हे तिघं निघाले. मोठ्या रस्त्यावर पोस्टर असणार, म्हणून विनयरावांनी मागच्या गल्ल्यांतून वाट काढली. कचऱ्याच्या डब्यांमधून जाताना कमलाकरराव कौतुकाने म्हणाले, "इथल्या माणसाबरोबर येण्याचा हा फायदा बघा! टुरिस्टला हा रस्ता सापडायचा नाही." विनयरावांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं.

पण गल्ली संपली आणि समोर गर्दीच गर्दी. जिकडे बघावं तिकडे अमेरिकन टीमच्या मोठ्या आकड्यांच्या जर्सी. वरदाने वडिलांचा दंड घट्ट धरला. आता संपलं.

कमलाकरराव जागीच थांबले. त्यांचे डोळे भरून आले.

"विनयराव, बघताय ना? आमचे लोक! एवढे अमेरिकन, आपली घरची जर्सी घालून इथं इंग्लिश फुटबॉल बघायला आलेत! आली शेवटी अक्कल. माझ्या हयातीत आली." त्यांनी रस्त्यातच विनयरावांना मिठी मारली.

मिठीत असलेल्या माणसाला खरं कसं सांगायचं, हे विनयरावांना कुणी शिकवलं नव्हतं. ते तसेच आत गेले, जिने चढले, आणि शेवटच्या पायरीवर समोर मैदान उघडलं. हिरवळीवर आडव्या पांढऱ्या रेघाच रेघा. दोन्ही टोकांना जाळीच्या गोलपोस्टऐवजी उंच पिवळे खांब.

कमलाकरराव त्या खांबांकडे बघत खुर्चीत बसले.

"माझी चूक झाली," विनयराव खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले. "मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. चष्मा न लावता तिकिटं काढली. सकाळी कळलं, पण तुम्ही इतके आभार मानत होता की सांगायला जागाच मिळेना."

"हे बघायचं असतं," कमलाकरराव हळू आवाजात म्हणाले, "तर मी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसलो असतो."

मग पुन्हा कपाळाचा वरचा भाग. खेळ सुरू झाला. माणसं माणसांवर आपटली, शिट्टी वाजली, सगळे थांबले. पुन्हा आपटली, पुन्हा थांबले. वरदा मान खाली घालून बसली होती आणि विनयरावांना मैदानातलं काहीच दिसत नव्हतं. हा माणूस आता लग्नात अक्षता टाकतानाही ह्या खांबांची आठवण काढणार, हे त्यांना दिसत होतं.

कमलाकररावांच्या पलीकडच्या खुर्चीवर सारा नावाची एक इंग्लिश बाई होती. अंगात कोरी जर्सी, हातात चिप्स. मैदानावर काहीतरी झालं, लोक ओरडले, म्हणून तीही जोरात ओरडली आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "सॉरी लव्ह, हे चांगलं झालं की वाईट?"

कमलाकररावांनी न बोलायचा प्रयत्न केला. पण इतकी वर्षं दर सोमवारी ऑफिसात, दर पार्टीत, दर शेजाऱ्याच्या अंगणात तो खेळ त्यांच्या कानात ओतला गेला होता.

"वाईट. फार वाईट," ते इंग्रजीत म्हणाले. "चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. ह्यांचे तीन वाया गेले. आता हे लाथ मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकणार."

त्यांनी लाथ मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकला.

"ओ माय गॉड!" सारा ओरडली. "ह्यांना कळतं!"

पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली. ती माणसं दर वर्षी येत होती, जर्सी विकत घेत होती आणि नेमकं काय चाललंय हे एकमेकांना विचारायची त्यांना लाज वाटत होती. प्रश्न सुरू झाले. तो पिवळा रुमाल का फेकला? तो माणूस धावत का नाही? आता का थांबले? कमलाकरराव आधी बसून सांगत होते, मग उभे राहिले, मग मफलर काढून त्याने बाण दाखवायला लागले. मधूनच मराठीत वळून वरदाला म्हणाले, "कबड्डी आणि कोर्टातली केस एकत्र कर. थोडं सरकायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून तारीख घ्यायची."

"सो फनी, अंकल!" वरदा इतकी हसली की तिचा पेला सांडला.

खेळ संपला तेव्हा आसपासच्या लोकांनी मैदानाकडे पाठ करून कमलाकररावांसाठी टाळ्या वाजवल्या. साराने विचारलं, "तुम्हाला हा खेळ फारच आवडत असेल ना?"

"मला अजिबात आवडत नाही," कमलाकरराव म्हणाले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. चष्म्यासकट.

सारा विनयरावांकडे बघून पोट धरून हसली. मग म्हणाली, "माझा भाऊ फुटबॉल खेळतो. खरा. आमच्या गावच्या टीमचा गोलकीपर आहे. टीम अगदी भिकार आहे. शनिवारी दुपारी याल?"

घरी परतताना मोठ्या रस्त्याने, पोस्टरांच्या मधून चालताना विनयराव म्हणाले, "रागावला नाहीत ना?"

"विनयराव, अमेरिकेत मी जन्मभर लोकांना सॉकर समजावून सांगितलं. एकानं ऐकलं नाही. आज नको असलेला खेळ समजावला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाचा राग धरू?"

शनिवारी समरही एडिनबराहून आला आणि सगळे साराच्या गावी गेले. मैदानाला एका बाजूला पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला कुंपण आणि त्यापलीकडे मेंढ्या. बघायला आलेली माणसं मेंढ्यांपेक्षा जरा कमीच होती. झिमझिम पाऊस पडत होता. कमलाकररावांनी शेडमध्ये बसायला नकार दिला. गोलच्या मागे, साराच्या भावापासून हाताच्या अंतरावर, ते कठड्याला टेकून उभे राहिले. विनयराव छत्री धरून शेजारी.

कमलाकररावांची नजर बॉलवरून हलेना. त्यांचा चेहरा बघून समर वरदाला कुजबुजला, "मी बाबांना असं कधीच बघितलं नाहीये." मग समोरून चढाई आली. एक उंच पोरगा बॉल घेऊन एकटाच धावत येत होता आणि साराचा भाऊ गोलच्या रेघेवर खिळल्यासारखा उभा होता. कमलाकररावांच्या आतलं सगळं कोल्हापूर एकदम वर आलं.

"आरं पुढं ये की! गोलाला काय चिकटून बसलायस! पुढं ये, पुढं!"

साराच्या भावाने मान वळवली. "यू व्हॉट, मेट?" त्याने अदबीने विचारलं.

आणि बॉल त्याच्या कानाजवळून जाळीत गेला.

शेडमधली सगळी माणसं, पंच, आणि विनयरावांना वाटलं, मेंढ्यासुद्धा, ह्या दोघांकडे बघत होत्या. विनयरावांनी छत्री खाली घेतली. त्यांनी माफीची दोन-तीन इंग्रजी वाक्यं जुळवली आणि घाबरत व्याह्यांकडे बघितलं.

कमलाकरराव भिजत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही नव्हता.

"विनयराव," त्यांनी व्याह्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, "आयुष्यभर गोल बघितले हो. पण माझ्यामुळं झालेला हा पहिला!"