मेट्रोवालीची ओटी

माणसं तीन, तिकिटं तीन आणि नारळ एक. रविवारी सकाळी पुण्याच्या नव्या मेट्रोच्या स्टेशनात शिरताना आमचा हिशेब असा होता. माणसं म्हणजे मी, माझी बायको शोभा आणि माझी थोरली बहीण गंगाक्का. तिकिटांचे पैसे मी दिले. नारळ अक्काचा होता, आणि तो का होता हे कळायला आधी अक्का कळायला हवी.

अक्का माकणीला, आमच्या गावी राहते, एकटीच; पुण्याला आमच्याकडं चार दिवस आली होती. पहिल्यांदा भेटलेली कुठलीही मुलगी तिच्यासमोरून रिकाम्या पदरानं जाऊ शकत नाही. "लेक हाय कुणाची तरी, रिकामी कशी जाऊ देऊ?" हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यासाठी तिच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि हळदीकुंकवाची डबी कायम तयार. लाइटचं मीटर बघायला आलेली पोरगी, गुडघ्यात इंजेक्शन देणारी नर्स, सगळ्या ओटी घेऊनच गेल्या. एकदा भूमच्या एसटीत लेडी कंडक्टर तिकीट द्यायला आली, तर अक्कानं तिला तिथंच उभं करून शेजारणीकडून ओटी भरवली. गाडी वळणावर होती. निम्मे तांदूळ पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या पटक्यावर पडले. म्हातारा मागं वळून म्हणाला, "आता या वयात माझं लगीन लावता व्हय?"

शेजारणीकडून, कारण अक्का स्वतः ओटी भरत नाही. भावजी लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नाही. तेव्हापासून सामान अक्काचं आणि हात कुणातरी सवाष्णीचा, असा तिनंच नियम करून घेतला. कुणी तो मोड म्हटलं नाही, मीही नाही. ती बाजूला उभी राहून हुकूम तेवढे सोडते. "आधी हळद. मग कुंकू. शेंडी तिच्याकडं कर. अगं, तांदूळ वंजळीनं घाल, चिमटीनं काय घालतीस, मीठ हाय व्हय?" आमच्या घरी हे हुकूम शोभा झेलते.

तर स्टेशनात पिशवी तपासायचं यंत्र होतं. पडद्यावर काहीतरी गोल दिसलं. गार्डनं पिशवी उघडायला लावली.

"नारळ? आजी, आत नारळ फोडता येणार नाही हं."

"फोडायला म्या काय उद्घाटनाला आले? भरायला आणलाय."

गार्डला काही कळलं नाही, पण त्यानं सोडलं.

सरकत्या जिन्यापाशी अक्का थबकली. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या आणि वर जाऊन नाहीशा होत होत्या. "आपल्यासाठी थांबत न्हाय का ह्यो?" शोभानं तिचा हात धरला, अक्कानं डोळे मिटले आणि पाय टाकला. वर पोहोचल्यावर ती मागं वळून त्या जिन्याकडं पाहत राहिली. तिच्याच वयाचे धोतरातले एक गृहस्थ तिच्याशेजारी उभे होते. दोघांची ओळख ना पाळख. ते म्हणाले, "चढलो पण दम न्हाय लागला." अक्का म्हणाली, "देवाघरी असंच नेत असतील."

गाडी आली. दारं आपोआप उघडली. आत कुणी ढकललं नाही, कुणी ओरडलं नाही. पायातल्या चपला काढाव्यात की काय अशा विचारानं अक्का उंबऱ्यात घुटमळली. मग गाडी निघाली आणि खाली रस्ते, छपरं, पाण्याच्या टाक्या, गच्चीवर वाळत घातलेली लुगडी सरकायला लागली. मी खर्चाला खर्च म्हणणारा माणूस. असल्या कामांवर किती पैसा गेला असेल हेच माझ्या डोक्यात आधी येतं. पण त्या दिवशी झाडांच्या शेंड्यांच्या वरून जाताना तो आकडा मला सुचला नाही. डब्यात सगळेच देवळात बोलल्यासारखे हळू बोलत होते.

पुढं गाडी जमिनीखाली शिरली. मी अक्काला सांगितलं, आता आपण नदीखालून चाललोय.

"वर नदी आणि खाली आपण?"

"हो."

"मग गळत कसं न्हाय?" आमच्या गावच्या तेरणा नदीवरच्या धरणाची भिंत तिनं जन्मभर पाहिली आहे, आणि तिला पाझर आहे हेही तिला माहीत आहे. तिनं छताला हात लावायचा प्रयत्न केला. पोहोचला नाही, म्हणून खांबाला लावला आणि तोच हात कपाळाला लावला.

मध्येमध्ये एका बाईचा आवाज पुढच्या स्टेशनचं नाव सांगत होता. दर वेळी अक्का म्हणायची, "बरं बाई." शेवटी मला विचारलं, "ही पोरगी गाडीबी चालवती आन् बोलतीबी. दमत न्हाय का?"

"अक्का, तो भरून ठेवलेला आवाज आहे. यंत्र बोलतं."

"यंत्राला इतकं गोड बोलता येत न्हाय. नारळ काढ, शोभा."

मी पुष्कळ समजावलं. शेवटचं स्टेशन आलं. आम्ही पहिल्याच डब्यात होतो. पुढचं ड्रायव्हरचं दार उघडलं, आणि निळ्या शर्टातली, वर जाकीट घातलेली, पंचविशीची एक मुलगी खाली उतरली.

"बघ," अक्का म्हणाली.

पण मुलगी झपाझप चालत गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेली, आत शिरली आणि गाडी घेऊन निघूनही गेली. अक्का नारळ हातात धरून तशीच उभी.

"परत इथंच येती न्हवं?"

"येईल, पण तास-सव्वा तासानं. आणि तीच येईल असं नाही."

"मग बसू." ती बाकावर बसली. शोभाला भूक लागली होती. मी घरी निघू या म्हटलं, तर अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला घाई आसंल तर जा. आमच्यात आशी लेक पुन्हा दिसायची न्हाय."

गाड्या येत राहिल्या. दर गाडीला अक्का उठायची, काचेत डोकवायची, "ही न्हवं" म्हणून बसायची. एक-दोन ड्रायव्हरांनी तिला हातही केला.

अखेर ती आली. तिची ड्यूटी संपली होती. अक्का समोर जाऊन उभी राहिली.

"पोरी, जेवलीस का?"

मुलगी दचकली, मग हसली. "नाही अजून. काय झालं आजी?"

अक्कानं सगळं सांगितलं. मुलीला पदर नव्हता, ओढणी नव्हती. तिनं जाकिटाची पुढची दोन्ही टोकं धरून झोळी केली. शोभा सवयीनं हळदीकुंकवाची डबी घेऊन पुढं झाली.

"तुम्ही नाही भरणार?" मुलीनं अक्काला विचारलं.

"न्हाय गं. माझ्या हातानं चालत न्हाय."

"मला चालतं. मी नोकरीवर रुजू झाले तेव्हा आईनंच भरली. बाबा आधीच गेले होते." झोळी तिनं शोभासमोरून हलवली आणि अक्कासमोर धरली.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. एवढं मला फार आधी करता आलं असतं.

तिनं डबी घेतली, आणि तिला काही आठवेना. आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम देणारी माझी बहीण हातात नारळ, खण, डबी सगळं एकदम धरून उभी होती. शोभा तिच्या कानाशी लागून म्हणाली, "वन्सं, आधी हळद." मग कुंकू. मग खण. नारळाची शेंडी शोभानंच फिरवून दिली. तांदूळ अक्कानं ओंजळ भरून घातले. मुलगी झोळी सांभाळत वाकली, आणि अक्काचा हात तिच्या डोक्यावर बराच वेळ राहिला.

बाहेर पडताना फाटक उघडेना. खिडकीतल्या माणसानं तिकिटं तपासली. "वेळ उलटून गेलीय. एवढा वेळ आत काय करत होता?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का पुढं झाली.

"ओटी भरत होते," ती म्हणाली. "म्या. माझ्या हातानं."

तो माझ्याकडं बघून म्हणाला, तिघांचे तीस रुपये जादा होतात. मी ते त्याच्या हातात दिले.