खुराड्यावरचा सदरा

भीमाच्या वस्तीवरची तांबडी कोंबडी अंड्यांवरून क्षणभर पाणी प्यायला उठली आणि शेजारच्या उसातून आलेल्या कोल्ह्याने तिला उचललं. मुक्ताबाई दारात भांडी घासत होती. तिने हातातला तांब्या फेकून मारला, पण कोल्हा तो चुकवून उसात शिरला आणि कोंबडीची फडफडही पाचटाच्या आवाजात मिसळून गेली. मागे राहिली भुशाच्या पाटीतली अंडी. भीमाने हात लावून पाहिलं. ती अजून उबदार होती.

"द्या टाकून," मुक्ताबाई म्हणाली. "कोंबडीच गेल्यावर आता त्यांचं काय व्हनार हाय?"

भीमा साठीला आलेला, सोनईजवळच्या या रानात उसाला पाणी धरण्यात उभी हयात घालवलेला माणूस. कोंबड्यांच्या बाबतीत तो हळवा वगैरे मुळीच नव्हता. आखाडात त्या कापायचं काम त्याच्याकडेच असे. पण त्याने एक अंडं कानाला लावलं आणि आत काहीतरी हललं असं त्याला वाटलं. त्यानंतर ते टाकून देणं त्याच्याच्याने होईना.

त्याने ओंकारला फोन लावला. ओंकार हा त्यांचा एकुलता मुलगा, सुप्याला एका कंपनीत मशीनवर कामाला होता. त्यामुळे जगातल्या सगळ्या यंत्रांची माहिती त्याला असते, अशी भीमाची समजूत होती. ओंकारने मोबाईलवर काहीबाही पाहून बापाला उपाय सांगितला. थर्मोकोलचा खोका घ्या, त्यात बल्ब लावा, वाटीभर पाणी ठेवा आणि अंडी थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळवत राहा.

हे ऐकायला सोपं होतं. पण वस्तीवरची लाईट कधी येईल आणि कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नसे. ती गेली की भीमा खोका गोधडीत गुंडाळायचा आणि मांडीवर घेऊन बसायचा. मधूनच झाकण किलकिलं करून एखादं अंडं गालाला लावून बघायचा.

"आता निस्तं आरवायचं ऱ्हायलंय तुमचं," मुक्ताबाई म्हणायची. पण त्याचं जेवण ती खोक्याजवळ आणून ठेवायची.

आणि एके सकाळी खोक्यातून चिवचिवाट आला. सगळी अंडी फुटली नाहीत, पण जी फुटली त्यातून ओली, काटकुळी पिल्लं बाहेर पडली, दुपारपर्यंत वाळून कापसासारखी झाली आणि पहिल्या चेहऱ्याकडे टकामका बघू लागली. तो चेहरा भीमाचा होता. पांढरी दाढी वाढलेला आणि जागरणाने तारवटलेला असला तरी पिल्लांनी तो आई म्हणून स्वीकारला. भीमा गोठ्याकडे निघाला की पिल्लं मागे निघायची. तो थांबला की त्याच्या वहाणांवर चढून बसायची. भीमाला चालताना पाय जपून टाकायची सवय लागली.

खरी काळजी पुढेच होती. ऊस अजून उभा होता, तोडीची टोळी यायची होती आणि कोल्ह्याला या घरचा पत्ता माहीत झाला होता. भीमाने खुराड्याला जाळी लावली, तर सकाळी जाळीखाली उकरलेलं सापडलं. दगड रचले, तर कोल्ह्याने शेजारी उकरलं. पुन्हा ओंकारला फोन गेला. ओंकार म्हणाला, "आण्णा, मानसाच्या घामाच्या वासाला कोल्हा भितो म्हनं. तुमची अंगातली कापडं बांधून बघा जाळीला. पन धुतलेली नकोत."

भीमाने अंगातला सदरा काढून जाळीला बांधला. त्या दिवशी कोल्हा आला नाही. दुसऱ्या दिवशी पायजमा बांधला, नंतर बंडी, नंतर टोपी. वास उडाला की कपडा काढून पुन्हा घामेजेपर्यंत घालायचा आणि दुसरा बांधायचा, असं चक्र सुरू झालं. पिल्लांच्या सोबतीला त्याने बाजही तिथेच टाकली. जेवणाचं ताट तिथेच येऊ लागलं.

भीमाच्या शेजारची साळूबाई सकाळी बांधावरून जाताना हे पाहत होती. घरधन्याचे कपडे बाहेर, बाज बाहेर, ताट बाहेर, आणि घरधनी पंच्यावर खुराड्याशी बसलेला. तिने मुक्ताबाईला काही विचारलं नाही. अशा गोष्टी ज्याच्या त्याला विचारू नयेत एवढी समज तिला होती. तिने ते सोनईच्या बाजारात मुक्ताबाईच्या भावजयीला, कडूबाईला सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी मुक्ताबाईचा धाकटा भाऊ राधाकृष्ण कडूबाईला मोटारसायकलवर मागे बसवून वस्तीवर हजर झाला. राधाकृष्णाने भावकीतली बरीच भांडणं मिटवलेली होती. कुठे काही फिसकटलं की लोक त्याला बोलवत, आणि न बोलावता जाण्यातही त्याला कमीपणा वाटत नसे.

"दाजी," तो बाजेच्या कडेला बसत गंभीरपणे म्हणाला, "संसारात असं व्हतंच. पन घर सोडून खुराड्यात येऊन ऱ्हायचं?"

"अरे, कोल्हा येतो," भीमा म्हणाला.

"बरं बरं. कोल्ह्याचं नंतर बघू." राधाकृष्णाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आक्का काय म्हनली तुमाला?"

मुक्ताबाई चहा घेऊन आली. तिलाही त्याने असंच विचारलं. ती हसली. भावाने ते हसू दुःख झाकण्यासाठी आहे असं धरलं. तिकडे कडूबाईला वाटलं, बोलणी होत राहतील, आपण हाताला काम घ्यावं. तिने जाळीवरचे सगळे कपडे सोडले, नाकाला पदर लावून हौदावर नेले आणि भरपूर पावडर टाकून बादलीत भिजवले. धुतलेले कपडे घरातल्या दोरीवर गेले की दाजीही आपोआप घरात जातील, असा तिचा सरळ हिशेब होता.

"आक्का, मनात आसंल ते बोल," राधाकृष्ण म्हणाला. "मी कशाला आलोय मग?"

"काय न्हाई रे मनात."

"कायतरी आसंलच. एवढ्या वर्सांचा संसार हाय. आठव जरा."

तो इतका मागे लागला की मुक्ताबाई खरंच आठवू लागली. चहाची कपबशी तिने खाली ठेवली. बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"मला चिकनगुनिया झाला हुता. कपाळ निस्तं तव्यावानी झालं हुतं. तवा ह्यांनी दारातनंच इचारलं, गोळी घेतली का. मी व्हय म्हनले. तर खोरं घेतलं आन् गेले पाटाला. परवा ह्यांना अंडं गालाला लावताना बघितलं, आन् मला ते आठवलं. बास, येवढंच."

राधाकृष्ण सरसावून बसला. शेवटी भांडण सापडलं होतं. आता दाजी चिडतील, आक्का रडेल आणि मग आपण दोघांना समजावू, हा क्रम त्याला पाठ होता.

भीमा मात्र चिडला नाही. त्याला तो दिवस आठवत होता. पाटाच्या पाण्याची पाळी होती. ती चुकली असती तर ऊस वाळला असता, हेही खरं होतं. पण तो दाराशी थोडा वेळ उभा राहिला होता, हेही त्याला आठवलं. आत जाऊन आपण करणार काय, आपण काही डॉक्टर नाही, असं त्याला वाटलं होतं. मग अंड्यांपाशी बसून तरी त्याने काय केलं होतं? नुसता बसला होता.

"खरं हाय," तो म्हणाला. "आत यायला पायजे हुतं मी."

राधाकृष्ण पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. ते आलंच नाही. मुक्ताबाईने डोळ्यांना पदर लावला आणि कप उचलून उरलेला चहा पिऊन टाकला. भांडण मिटलं होतं आणि त्यात मिटवणाऱ्याचा हात कुठेच लागला नव्हता.

हौदावरून आलेली कडूबाई हात पुसत हे ऐकत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "दाजी खरं हाय तरी म्हनले. तुमी कवा म्हनलाय का असं?"

"आता मधीच माझं काय?"

"माझा गुडघा दिवाळीपासनं दुखतोय. किती बारी सांगितलं. तुमी गावभर लोकांचे संसार नीट करत हिंडता. गुडघ्याकडं बघायला तुमाला येळ न्हाई."

"अगं, बाम आनला हुता की."

"तो तुमच्या पाठीला आनला हुता."

राधाकृष्ण यावर काहीतरी बोलणार होता. इतक्यात जाळीच्या मागून पिल्लांचा कलकलाट उठला. दिवेलागणीची वेळ झाली होती, जाळी उघडीबोडकी होती आणि कोल्ह्याने मागच्या बाजूने जाळीखाली उकरून अर्धं अंग आत घातलं होतं.

भीमा पंचा सावरत धावला. मुक्ताबाई कपबशीसकट धावली आणि तिने ती कोल्ह्याच्या पाठीवर हाणली. कोल्हा मागे सरकला, पण रिकाम्या तोंडाने गेला नाही. उरलेली पिल्लं भोकातून बाहेर पडून थेट भीमाच्या पायाशी येऊन दडली. तो पाय हलवू शकत नव्हता, म्हणून उसाकडे बघत तसाच उभा राहिला.

मुक्ताबाई त्याच्याजवळ आली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाकीची हायत," ती म्हणाली. "खाली बसा. ती आपनहून मांडीवर येत्यात."

तो बसला. पिल्लं आली. तीही शेजारी बसली आणि एक पिल्लू तिच्या पदरात शिरलं, त्याला तिने हुसकावलं नाही.

"कापडं मीच सोडली वो," कडूबाई हळूच म्हणाली.

"आसू दे," भीमा म्हणाला. "तुला काय ठावं." मग त्याने भिजलेल्या कपड्यांच्या बादलीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं आणि शेवटी मेव्हण्याकडे पाहिलं. राधाकृष्ण सोनईपासून उन्हातून आला होता आणि दुपारभर दुसऱ्यांच्या संसारात घाम गाळून बसला होता.

"पाहुनं, तुमचा सदरा द्या."

राधाकृष्णाने चांगला इस्त्रीचा सदरा निमूटपणे उतरवला. भीमाने तो जाळीला घट्ट बांधला. अंधार पडू लागला तसा राधाकृष्ण बनियनवरच मोटारसायकलकडे गेला आणि बायकोला म्हणाला, "चल."

"तुमी जा," कडूबाई म्हणाली. "मी चार दिवस ऱ्हाते. वन्संला पिल्लांकडं बघायला मानूस लागंल." आणि ती मुक्ताबाईच्या मागोमाग घरात गेली.

राधाकृष्ण गाडीला किल्ली लावून काही वेळ उभा राहिला. मग किल्ली काढून बाजेपाशी आला. भीमाने सरकून जागा दिली. दोघे शेजारी बसले, एक पंच्यावर, एक बनियनवर. आतून दोघी बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

राधाकृष्णाने भावकीतल्या इतक्या भांडणांत तोंड घातलं होतं, पण आत्ता त्याला बोलायला जड जात होतं. शेवटी तो भीमाकडे थोडा झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, आमच्या हिचा कंचा गुडघा दुखतो, तुमच्या ध्यानात आलंय का?"

"न्हाई बा," भीमा म्हणाला. "ते आत जाऊनच इचारा."

राधाकृष्ण उठला. दारापर्यंत गेला, वहाणा काढल्या आणि उंबऱ्याशी थांबला.

"आत," भीमा बाजेवरून म्हणाला.