कपाट उघडायचं नाही

वादळ संध्याकाळी येणार असं रेडिओ सांगत होता आणि घरात चहा करायला एक भांडं रिकामं नव्हतं. सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात तिथे काढल्यामुळे नळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पातेली, बादल्या, कुकर, एवढंच काय, फुलदाणीसुद्धा त्यांनी काठोकाठ भरून ठेवली होती. घरातल्या झाडून साऱ्या चादरी नि टॉवेल पुढच्या दाराच्या फटीत कोंबून झाले होते. सुनेला आठवा महिना लागलेला, त्यामुळे तिला कुणी कशाला हात लावू देत नव्हतं. आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखी ती या खुर्चीवरून त्या खुर्चीवर हलवली जात होती.

प्रश्न उरला होता निजायच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीचा. बाजारात फळी औषधालासुद्धा शिल्लक नव्हती. नवरा ड्राफ्ट्समन. त्याने कागदावर खोली काढली, खिडकी काढली आणि दिवाणखान्यातल्या लाकडी कपाटाभोवती गोल केला.

“आईचं कपाट खिडकीला लावू. दोघांचं काम आहे.”

“भरलेलं आहे ते,” सासरे म्हणाले.

“मग रिकामं करू की.”

“कपाट उघडायचं नाही. न्यायचं तर आहे तसं न्या.”

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. कपाटाची किल्ली तेव्हापासून सासऱ्यांच्या खिशात असे, आणि त्या खिशाविषयी घरात कुणी बोलत नसे. जागा करायची म्हणून पलंग, गादी, कपडे असं सगळं खोलीतून बाहेर काढण्यात आलं.

“चौकट मोजलीस ना?” सुनेने विचारलं.

“अगं, मोजणं हा माझा धंदा आहे.”

चौकट त्याने खरोखरच मोजली होती. फक्त दाराला दार असतं आणि ते सताड उघडलं तरी आपली जाडी घेऊन बिजागरीपाशी उभंच राहतं, हे कागदावर दिसत नव्हतं. सून आत उभी राहून “डावीकडे, अजून डावीकडे” म्हणत होती. तेवढंच काम तिच्या वाट्याला आलं होतं. कपाट निम्मं आत आलं, कण्हलं आणि थांबलं. पुढे जाईना, मागे येईना. आत सून, बाहेर बापलेक.

“घाबरू नकोस. बिजागऱ्या काढल्या की झालं.”

“बिजागऱ्या माझ्या बाजूला आहेत. आणि त्यांचे स्क्रू रंगात बुजलेत. कुणी दिला होता रंग?”

“मी,” नवरा म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “संडास तुझ्याच बाजूला आहे ना?”

“आहे.”

“मग तुझी तशी काळजी नाही.”

“आपली आहे,” सासरे म्हणाले.

वादळाने रेडिओ ऐकलेला नव्हता. ते दुपारीच आलं. बघता बघता अंधारलं, आणि ज्या खिडकीपासून सुनेला वाचवायचं म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता, नेमकी तिच्यासमोर ती एकटी उभी होती. तावदानं दातांसारखी वाजत होती. खालच्या फटीतून पाणी आलं आणि तिच्या पायांपर्यंत पोचलं. पोटात बाळ एकदम गप्प झालं.

“बाबा, पाणी येतंय आत. कोंबायला इथे चिंधीसुद्धा नाही. कपाटाचं एक दार माझ्याकडे आलंय. किल्ली द्या.”

सासऱ्यांचा हात खिशावर गेला.

“बाबा, अहो, ती आत आहे,” नवरा म्हणाला. “दोघं आहेत आत.”

“हिचा वास आहे त्यात,” सासरे म्हणाले. “उघडलं की जाईल.”

तेवढ्यात तावदान फुटलं. सून ओरडली. कपाटाखालून किल्ली सरपटत आली आणि तिच्या अंगठ्याला लागून थांबली.

तिने दार उघडलं. या दिवसांत तिचं नाक असं झालं होतं की शेजारी काय शिजतंय ते तिला जिन्यात कळायचं. तिने कपड्यांत डोकं खुपसलं. डांबराच्या गोळ्या. दुसरं काही नाही.

“येतोय?” पलीकडून विचारणा झाली.

“येतोय, बाबा.”

“कसला?”

“त्यांच्या पावडरचा.”



“चांगली आहेस तू, पण खोटं बोलतेस,” सासरे म्हणाले. “मीच संपवला तो. तुम्ही कामावर गेलात की उघडून बसायचो. केव्हाच गेला.”

“मग कुलूप कशाला?” नवऱ्याने विचारलं.

“रिकाम्या घराला लावत नाही का आपण?”

यात नवऱ्याला मोजण्यासारखं काही नव्हतं.

“बाबा, हा राखाडी स्वेटर कोंबू?”

“तो मी आणला होता. तिला कधी आवडला नाही. तोच आधी घाल.”

“निळा गाऊन?”

“घाल.”

“आणि हा रेशमी? नवाच दिसतोय.”

“घाल. फक्त हिला सांगू नकोस,” सासरे म्हणाले.

कपडे निघाले तसं कपाट हलकं झालं. बापलेकांनी दात ओठ खाऊन ओढलं आणि ते बाहेर आलं. त्यामागून सासूबाईंची तपकिरी शाल लपेटून, भिजलेली सून आली. खोलीचं दार लावून घेतलं, त्याला कपाट टेकवलं, आणि तिघं भरलेल्या भांड्यांच्या मधोमध भिंतीला पाठ लावून बसले.

“हलतंय का गं?” नवऱ्याने विचारलं.

“थांब.” तिने पोटावर हात दाबून धरला. “हं. हललं.”

नवरा फुलदाणीतलं पाणी प्यायला. सासरे तिच्या शालीकडे बघत होते.

“डांबराच्या गोळ्या,” ते म्हणाले.

“हो, बाबा. दुसरं काही नव्हतं.”

“त्या तिनंच टाकलेल्या. जन्मभर भांडलो आम्ही त्या वासावरून. ती टाकायची, मी वेचून फेकायचो.”

“मग या वेळी नाही फेकल्यात?”

“राहून गेलं.”

सुनेला त्या वासाने मघापासून मळमळत होतं. शाल काढायला तिने हात वरही नेला होता.

“जरा जवळ बसू का?” सासऱ्यांनी विचारलं.

“बसा ना,” ती म्हणाली, शाल सारखी केली आणि श्वास रोखून धरला.