दारुमाचा दुसरा डोळा

असत्य पहिल्या दिवशी लहानच असते. त्याला खाऊपिऊ आपणच घालतो, आणि ते घरात मावेनासे झाले की देवाकडे तक्रार करतो. ताकासाकीच्या नगर कार्यालयात जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारे शिगेओ नुकागा तसे सज्जन गृहस्थ. एका शनिवारी त्यांची बस चुकली, एवढेच निमित्त झाले.

पुढच्या बसला अवकाश होता. स्थानकासमोर खेळघर होते. नुकागा ऊब मिळावी म्हणून आत शिरले (मोहाच्या दारात माणूस नेहमी उबेसाठीच शिरतो) आणि मारामारीच्या खेळाच्या एका यंत्रापुढे बसले. ही यंत्रे पाठीला पाठ लावून मांडलेली असतात. पलीकडचा खेळाडू दिसत नाही. पडद्यावर दिसतो त्याचा पहिलवान, आणि ऐकू येतात त्याची बोटे. वाकून त्याचा चेहरा पाहणे असभ्यपणाचे. हरलेल्याने मुकाट्याने उठावे किंवा आणखी एक नाणे टाकावे, हाच तिथला धर्म.

पलीकडून टक-टक असा आवाज आला. क्षणभर शांतता. मग एकच टक. नुकागांचा पहिलवान आडवा झाला होता. त्यांनी आणखी एक नाणे टाकले. त्यानंतर किती बसगाड्या आल्या आणि गेल्या, हे त्यांना कळले नाही.

"अहो, एवढा उशीर?" पत्नी मिसाओबाईंनी दारातच विचारले. "सूप गरम करून करून आटलं."

नुकागांची नजर देव्हाऱ्यातील आईच्या तसबिरीवर गेली. नको त्या वेळी त्यांना आई आठवली. "देवळात गेलो होतो," ते म्हणाले. "शनिवारी बुद्धाची सूत्रं लिहायचा वर्ग असतो ना तिथे. आईचं वर्षश्राद्ध येतंय, म्हटलं जावं."

मिसाओबाईंचे डोळे भरून आले. सासूला अखेरच्या आजारात त्यांनीच भरवले होते. "तुम्हाला सुचलं हो!" त्या म्हणाल्या. (यात कौतुक किती आणि आश्चर्य किती, याची वाटणी नुकागांनी केली नाही.)

पुढच्या शनिवारी त्यांनी पतीच्या हाती कुंचला, शाई आणि भाताचे गोळे रुमालात बांधून दिले. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाल्या, "बघू तरी काय लिहिलंत ते." झाले! नुकागांना सूत्रे लिहिणे भाग पडले. जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातच बसून ते हृदयसूत्राच्या प्रती काढू लागले.

"नुकागासान, कोण गेलं हो?" शेजारच्या टेबलावरील ओकोची विचारी.

"कोणी नाही."

"मग कोण जायचंय?"

अशा रीतीने एका असत्याच्या रक्षणार्थ नुकागा नित्य धर्मकृत्य करू लागले. चित्त मात्र खेळात होते. त्यांनी डावपेचांचे सचित्र पुस्तक आणले आणि त्यातील सर्वांत दिमाखदार डाव निवडला, गरुडझेप. बसथांब्यावर छत्रीच्या मुठीवर, जेवताना सोयाच्या बाटलीवर त्यांचा डावा हात यंत्राच्या दांड्यावर फिरावा तसा आपोआप फिरू लागला. "हात आखडलाय, लिहिताना कागद दाबून धरून," असे त्यांनी सांगितले. मिसाओबाईंनी रोज मलम चोळून दिले.

पलीकडचा खेळाडू दर शनिवारी तिथे असेच. यंत्राखालून त्याचे अंगठा वेगळा असलेले पांढरे मोजे तेवढे दिसत. नुकागांनी त्याला आचारी ठरवले होते.

"साहेब, गरुडझेपेआधी तुम्ही दातांतून श्वास ओढता," नेहमी तिथे येणारा ओगुशी नावाचा टॅक्सीवाला एकदा म्हणाला. "स्स्स करून! अख्ख्या खेळघराला कळतं. आधी अडवायला शिका. तो पलीकडचा काय करतो? काही करत नाही, नुसता बसतो. तुम्ही चुकलात की टक-टक... टक. आम्ही त्याला भिंतच म्हणतो."

"भिंत कधी जिंकते का हो?"

"जिंकते की. तुम्हीच तर दर शनिवारी सिद्ध करता."

हा उपदेश झोंबला, तरी नुकागांनी तो अर्धा पाळला. अडवणे जमू लागले. एकदा तर त्यांनी भिंतीकडून एक फेरी हिसकावली आणि त्या आनंदात पुढच्या दोन्ही गमावल्या. अल्प यशासारखा खोटा गुरू दुसरा नाही. नववर्षाच्या जत्रेतून त्यांनी दारुमाचा तांबडा, गोल बाहुला आणला. संकल्प करताना त्याचा एक डोळा रंगवायचा आणि सिद्धीस गेल्यावर दुसरा, अशी रीत. नुकागांनी एक डोळा रंगवला. आईच्या वर्षश्राद्धाआधी भिंतीला हरवायचे, मग खेळ सोडायचा आणि खरोखरच देवळात जायचे, असा त्यांचा संकल्प होता. (पापाला मुदत घालून देणारा पाप सोडत नसतो, त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेत असतो.) मिसाओबाईंना त्यांनी सूत्रांचा संकल्प सांगितला. दारुमा देव्हाऱ्याशेजारी बसला आणि जेवणाऱ्या नुकागांकडे एका डोळ्याने पाहू लागला.

मुदत संपली. भिंत उभीच होती.

श्राद्धाच्या सकाळी देवळातून निरोप आला, की आजारी थोरले महाराज अजून अंथरुणावर आहेत, तेव्हा धाकटे महाराज रियोगेन येतील. "बरं झालं," मिसाओबाई म्हणाल्या, "शनिवारचा वर्ग म्हणे हल्ली तेच घेतात. आज त्यांचे आभारच मानते."

नुकागांच्या हातातील उदबत्ती मोडली. महाराज म्हणणार, "कोण हे? मी यांना कधी पाहिलं नाही." जिने आईला भरवले, तिच्यासमोर आईच्याच नावाने सांगितलेले खोटे आईच्याच तसबिरीपुढे उघडे पडणार होते. रियोगेन येताच नुकागा ते आणि मिसाओबाई यांच्या मध्ये उभे राहिले.

"महाराजांना बोलायला लावू नकोस गं. त्यांचा घसा—"

"घसा ठीक आहे," महाराज म्हणाले.

पठण सुरू झाले. पठणाचा ठेका धरणारा पोकळ लाकडी मासा महाराजांच्या काठीखाली संथ लयीत वाजू लागला. एक अध्याय संपला. शेवटी काठी दोनदा झरकन पडली, क्षणभर थांबली आणि पुन्हा एकदा पडली.

टक-टक... टक.

बुद्धीला उमगण्याआधी नुकागांच्या देहाला उमगले. गुडघे मोडून बसल्या जागी ते मागे दबले आणि जपमाळेवरचा हात बचावाच्या डावात फिरला. "पायाला मुंग्या आल्या असतील," श्राद्धाला आलेली त्यांची तोमेमावशी शेजारी कुजबुजली. नुकागांची नजर महाराजांच्या पांढऱ्या मोज्यांवर खिळली. त्यांच्या दातांतून आपसूक श्वास ओढला गेला. स्स्स!

लाकडी माशाचा एक ठोका चुकला.

चहा आला. मिसाओबाईंनी वाकून नमस्कार केला. "महाराज, हे दर शनिवारी येतात. तुम्हाला त्रास नाही ना देत?"

रियोगेन यांनी पेला खाली ठेवला. खोटे बोलणे व्रतात बसत नव्हते. सगळे खरे सांगणे त्यांच्याही सोयीचे नव्हते. "शनिवारी आमची गाठ पडते," ते सावकाश म्हणाले, "हे खरं आहे."

"कसं काय जमतंय त्यांचं?"

"चिकाटी आहे. उतावळेपणा फार. आणि काही करायचं झालं, की आधी दातांतून श्वास ओढतात."

"लहानपणापासून तसाच!" तोमेमावशी म्हणाली. "तांदळाचे लाडू पळवायच्या आधी स्स्स करायचा मेला. लगेच सापडायचा."

मिसाओबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "पुढच्या शनिवारपासून मीही येते. मावशी, तुम्हीही चला. सासूबाईंसाठी एवढं तर करू."

दोन पुरुषांनी एकाच वेळी पेले उचलले.

"या," महाराज क्षीण स्वरात म्हणाले. "दार उघडंच असतं."

फाटकापाशी निरोप देताना नुकागांनी आवाज दाबून विचारले, "तुम्ही... भिंत?"

"आणि तुम्ही गरुडझेप." रियोगेन यांनी मान खाली घातली. "तो वर्ग माझ्याकडे आला तेव्हापासून कोणी म्हणजे कोणी येईना हो. दार उघडून बसायचो. चटया झाडून किती झाडणार? मग निघायचो स्थानकाकडे."

"म्हणजे मी खरंच आलो असतो, तर—"

"तर मीही देवळातच असतो."

धर्माच्या ठिकाणी एकमेकांना चुकवून ते दोघे मोहाच्या ठिकाणी न चुकता भेटत होते. नुकागांनी त्याच संध्याकाळी पत्नीला सर्व सांगायचे ठरवले. जेवण झाल्यावर त्यांनी श्वास ओढला, तोंड उघडले आणि पाहतात तो मिसाओबाई कुंचला शाईत बुडवून दारुमापुढे बसलेल्या.

"पुरा झाला हो तुमचा संकल्प," त्या म्हणाल्या आणि दुसरा डोळा त्यांनी स्वतः रंगवला. "आईंना किती बरं वाटलं असेल."

नुकागांनी तोंड मिटले. सत्य सांगायचे राहिले आहे, ते अजून राहिलेलेच आहे. दारुमा आता दोन्ही डोळ्यांनी पाहतो.

शनिवारी देवळात मिसाओबाई, तोमेमावशी आणि मावशीने जमवलेल्या शेजारणी ओळीने बसल्या. नुकागांना जागा मिळाली ती थेट रियोगेन यांच्या समोर. मध्ये यंत्र नव्हते, एक बुटके मेज होते. लिखाण सुरू झाले. महाराज शांतपणे लिहीत होते. नुकागांनी कुंचला भिजवला, या वेळी तरी एकेक अक्षर मनापासून काढायचे असा निश्चय केला, आणि श्वास ओढला. स्स्स!

महाराजांनी मान वर केली नाही. त्यांच्या कुंचल्याचे टोक मेजावर आपटले.

टक-टक... टक.

नुकागा मागे दबले. कागदावर शाईचा हा एवढा डाग पडला.

"अहो, घाई कशाला करता?" मिसाओबाई हळूच म्हणाल्या. "महाराजांकडे बघा. काही करत नाहीत, नुसते बसलेत, आणि किती पुढे गेलेत तुमच्या."