मागच्या ओळीचे करमरकर काका

इथे परदेशात, आमच्या शॉमबर्ग गावाच्या आसपास कुठेही संप सुरू झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी करमरकर काका तिथे बँजो घेऊन हजर. मग तो बेकरीवाल्यांचा असो, शिक्षकांचा असो, नाहीतर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा. "मागण्या काय आहेत हो?" असं विचारलं तर म्हणतात, "ते चहा झाल्यावर बघू. आधी झील धरायची."

पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहून जी जी करतात ना, ती झील. इथल्या संपाच्या गाण्यांचंही तसंच असतं, हे मला काकांमुळे कळलं. पुढे उभी असलेली एकजण ओळ म्हणते आणि मागचे सगळे गोल गोल चालत तिला उत्तर देतात. काकांचं आवडतं गाणं तर फारच साधं. पुढची विचारते, 'माझ्या शेजारी कोण उभं आहे?' मागचे म्हणतात, 'मी आहे, मी आहे.' सगळं इंग्रजीत, पण काकांच्या तोंडून ते थेट सांगलीचं वाटतं.

काका फक्त मागचंच गातात. पहिली ओळ मेले तरी म्हणणार नाहीत. मंडळाच्या गणपतीत आरती सुरू करायला सांगितली, तर तबक माझ्या हातात! "मी झीलकरी गं. शाहीर दुसरा बघ." त्यांच्या बँजोची पाचवी तार कधीच तुटलीय. नवी का नाही लावत म्हटलं, तर म्हणाले, "उरलेल्या चौघींची तक्रार नाही, तू कशाला संप करतेस?"

वय अठ्ठ्याहत्तर. मॅनेजर म्हणून रिटायर झालेला माणूस. नलूकाकू सहा वर्षांपूर्वी गेल्या, त्यानंतरच हे खूळ लागलं. आम्ही म्हणायचो, असू दे, बिचाऱ्यांचा वेळ जातो.

गेल्या नोव्हेंबरात शाळेच्या बसड्रायव्हरांचा संप झाला. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे ड्राइव्ह मी करायचं ठरलं. म्हणजे त्यांनीच ठरवलं. नऊला माझी मीटिंग, बस बंद म्हणून लेकीला आधी शाळेत सोडायचं, आणि वर हे बँजोवाले! कुरकुरतच पोचले.

बर्फ इतका हळू पडत होता, की खाली येतोय की वर चाललाय तेच कळेना. पिवळ्या बसेस ओळीने झोपल्या होत्या. माणसं गोल फिरत होती, बँजो किणकिणत होता, आणि मला मीटिंगबिटिंगचा खरंच विसर पडला.

मग पहिली ओळ म्हणणाऱ्या डोरीनचा घसा बसला. लाल टोपीवाली, दांडगी ड्रायव्हर. तिने काकांकडे हात केला, आता तुम्ही म्हणा. काका वाजवत राहिले, वाजवत राहिले, ओठ मात्र घट्ट मिटलेले. शेवटी बँजो काखोटीला मारून तडक माझ्या गाडीत जाऊन बसले. गाणं थांबल्यावर थंडी जास्तच वाजायला लागली. दोघं-तिघं पार्किंगकडे निघालेसुद्धा.

मला रागच आला. मीही गाडीत शिरले. "काका, हे काय? लोक खोळंबलेत तिकडे!"

"पहिली ओळ नलूची," काका म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. ती नर्स, तिच्या हॉस्पिटलात नर्सेसचा संप होता. मी माझ्या कंपनीत नवा मॅनेजर, ग्रीन कार्ड अडकलेलं. कुणी बघितलं तर? तिला सोडून मी असाच गाडीत बसायचो, हीटर लावून. एकदा ती माझ्या काचेशी आली, मी काच खाली केली. हसत हसत पहिली ओळ म्हणाली आणि थांबली. माझ्या उत्तरासाठी."

"मग?"

"मी काच वर केली गं."

बँजोवरचा बर्फ वितळून त्यांच्या पँटवर ठिबकत होता. "तिनं कधी बोलून नाही दाखवलं. आता सगळ्या जगाला उत्तर देत फिरतो. तिलाच द्यायचं राहिलं."

तशी मी भसाडी. घरी तोंड उघडलं की लेक म्हणते, "आई, प्लीज डोन्ट." पण उतरले, गाडीला वळसा घालून काकांच्या काचेशी गेले, आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर गायले, माझ्या शेजारी कोण उभं आहे?

आत काका समोर बघत होते. पार्किंगकडे निघालेले वळून बघायला लागले. खिशात फोन थरथरला, नऊ वाजले असणार. मी थांबूनच राहिले.

काच हळूहळू खाली आली.

काकांनी या वेळी इंग्रजीत नाही म्हटलं. "मी आहे गं," ते म्हणाले. "मी आहे."