कोराडीच्या नाल्यातली सोनेरी लोकर

देवाजी मेश्रामांनी रविवारी सकाळी बापाचं घोंगडं नाल्यात बुडवलं, तेव्हा त्यांच्या मनात सोन्याचा विचारसुद्धा नव्हता. म्हणजे होता, पण तो तीन हजार वर्षांपूर्वीच्या सोन्याचा, आणि तेही पार काळ्या समुद्राच्या पलीकडच्या. हे त्यांनी पुढं आठवडाभर घसा बसेपर्यंत सांगितलं. पण ऐकतंय कोण!

देवाजी कोराडीला गिरिधरराव ठेकेदाराच्या लेथ वर्कशॉपात स्टोअरकीपर होते. दिवसभर नटबोल्ट मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन ग्रीसला जायचे. कधीकाळी सीताबर्डीच्या फुटपाथवर त्यांना ग्रीक पुराणकथांचं एक कव्हर फाटलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला होता. त्यांचं म्हणणं असं की कुठलीही पुराणकथा हवेतून पडत नाही, तिच्या बुडाशी काहीतरी घडलेलं असतंच. कपाळात एकच डोळा असलेला राक्षस? कुणाला तरी हत्तीची जुनी कवटी सापडली असणार. सोंडेच्या जागी मोठं भोक असतं, तोच डोळा वाटला. बैलाच्या तोंडाचा माणूस आणि त्याचा भूलभुलैया? कुण्या राजाचा शेकडो खोल्यांचा वाडा असणार, पाहुणे रस्ता चुकत असणार. अशा चौदा वह्या भरल्या होत्या. त्या वाचणारं माणूस मात्र अजून जन्माला यायचं होतं. वर्कशॉपातले लोक डबा घेऊन दुसऱ्या झाडाखाली बसत. बायको प्रेमिला ऐकायला बसायची, पण राक्षस गुहेतून बाहेर यायच्या आत तिला झोप लागायची. म्हातारे वडील धोंडबा तर उघडच चिडायचे.

"छप्पन साली दीक्षा घेऊन आलो अन् घरातले सारे देव बाहेर काढले," ते दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "अन् ह्या पोट्ट्यानं बाहेर देशातले आणून बसवले!"

"बाबा, मी त्यायची पूजा नाही करून राहिलो. इतिहास शोधून राहिलो."

"मंग त्यायले म्हन, इतिहास बाहेर ओसरीवर सांगा. घरात येऊ नका."

देवाजींची एकच इच्छा होती. रामदासपेठेतल्या वाचनालयाची दरवर्षी व्याख्यानमाला असे. तिथं एक तास उभं राहायचं आणि चार शहाण्या माणसांनी आपलं म्हणणं खरं मानायचं, बस्स. सालोसाल ते अर्ज पाठवत होते आणि सालोसाल नकार येत होता. एक्क्याऐंशी साली मात्र व्याख्यानमालेचे अध्यक्ष प्रा. मार्तंड हरकरे यांचं पोस्टकार्ड आलं. 'आपला विषय नवा आहे. जेसन नावाचा राजपुत्र सोन्याची लोकर आणायला गेला, या कथेचं मूळ आपण असं सांगता की तिथले लोक मेंढ्यांची कातडी नदीत पसरून वाहतं सोनं लोकरीत अडकवत. परंतु वाहत्या पाण्यात लोकरीला धातू अडकतो, हे आपण स्वतः पाहिलं आहे काय? पाहिलं नसल्यास व्याख्यान ठेवता येणार नाही.'

आता पाहायचं तर सोनं हवं. सोनं म्हणाल तर प्रेमिलाच्या गळ्यातले दोन मणी, आणि त्यांना हात लावायची देवाजींची छाती नव्हती. पण सोनं जड तसं पितळही जड. लेथखाली पितळेचा कीस पडायचा, तो रोज झाडून कचऱ्यात जायचा. देवाजींनी त्यातला दोन मुठी एका डब्यात भरला. कचऱ्याला कोण विचारतो? म्हणून त्यांनीही कुणाला विचारलं नाही, आणि तिथंच फसले.

रविवारी सकाळी प्रेमिला डबा घेऊन नाल्यात वरच्या अंगाला उभी राहिली, देवाजी खालच्या अंगाला घोंगडं दाबून बसले. तिनं स्वतःच्या हातानं चिमूट चिमूट कीस पाण्यात सोडला. पाच मिनिटांनी देवाजींनी घोंगडं उचलून परातीत झटकलं, तर काय! परातीत पिवळं नुसतं चमचम करत होतं.

"पाय वं, पाय! सापडलं!" देवाजी गुडघाभर पाण्यात उड्या मारायला लागले. "हेच सोनं, प्रेमिला! हेच ते सोनं!"

नेमके त्याच वेळी पलीकडच्या काठानं शेजारचे भैय्याजी टमरेल घेऊन चालले होते. ते थांबले.

"काय सापडलं गा, देवाजीभाऊ?"

"काही नाही, प्रयोग आहे. पितळ आहे ते."

"नाल्यात पितळ?"

"मीच टाकलं."

"टाकलं, अन् मंग काढलं?"

"हाव."

"काहून?"

आता या 'काहून'चं उत्तर द्यायचं तर राजपुत्र जेसनपासून सुरुवात करणं आलं. देवाजींनी ती केली. आणि काय सांगावं, आयुष्यात पहिल्यांदा एका माणसानं त्यांची कथा शेवटपर्यंत ऐकली! जहाज ऐकलं, राखण करणारा अजगर ऐकला, नदीत पसरलेली कातडी तर दोनदा ऐकली. देवाजींचा ऊर भरून आला.

"म्हंजे सोनं होतं म्हनता," भैय्याजी म्हणाले.

"तिथं होतं."

"हाव, हाव, तिथंच होतं. आपल्याले काय करा लागते!" असं म्हणून भैय्याजींनी एक डोळा मिटला आणि ज्या कामाला निघाले होते ते विसरून घराकडं पळत सुटले.

संध्याकाळी नाल्यात तीन घोंगडी होती. सोमवारी सात चादरी, दोन ब्लँकेटं आणि कुठल्याशा लग्नातली सतरंजी. एका बहाद्दरानं तर जिवंत मेंढरूच आणून पाण्यात उभं केलं, ते दिवसभर बें बें करत थंडीनं कुडकुडत होतं. मंगळवारी जरीपटक्याच्या बाजारातून एक जण घोंगड्यांचा गठ्ठाच घेऊन आला आणि काठावर दुकान मांडून बसला. त्याच्या शेजारी तर्रीपोह्यांची गाडी लागली. वीजकेंद्राकडं जाणारे कोळशाचे ट्रक रस्त्यात थांबू लागले. आणि वाईट म्हणजे, उरलेला कीस अजून नाल्यात होताच. कुणाकुणाला दोन पिवळे कण सापडायचे. ते लगेच मूठ मिटून घरी पळायचे आणि बायकोला सांगायचे, बोलू नको.

देवाजी काठावरून ओरडले, "अरे बाबांनो, पितळ आहे ते! मी टाकलेलं पितळ!"

"तुमचं काढून झालं, आता आमाले पितळ सांगून राहिले!" नाल्यातून उत्तर आलं.

सगळ्यात कहर म्हणजे कथा वाढत चालली. नाल्यात एक अजगर सोन्याची राखण करतो, हे बुधवारी ऐकू आलं. देवाजी परदेशी भाषेतला मंत्र म्हणतात तेव्हा तो बाजूला होतो, हे गुरुवारी. ग्रीक लोकांना हे रचायला शेदोनशे वर्षं तरी लागली असतील; कोराडीकरांनी चार दिवसांत उरकलं. देवाजींनी डोकं धरलं. पुराणकथा कशी जन्मते हे डोळ्यांदेखत पाहायला मिळालेला बहुधा ते पहिलेच अभ्यासक, पण त्याचा आनंद काही होईना. राहून राहून वाटायचं, नाल्यात उडी घ्यावी. पण तिथंही जागा नव्हती.

दरम्यान 'स्वतः पाहिलं' असं हरकऱ्यांना कळवून देवाजींचं येत्या रविवारचं व्याख्यान पक्कं झालं होतं. शुक्रवारी गिरिधररावांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"काय म्हनते मग, देवाजी? सोनं का पितळ?"

"पितळच आहे, साहेब. लेथखालचा कीस. कचरा होता."

"कचरा झाला तरी कोनाचा? माझा. अन् स्टोअरची चाबी कोनाजवळ? तुझ्याजवळ." गिरिधररावांनी पान तोंडात टाकलं. "हे पाय, पितळ असन तर चोरी झाली. मले तुले काढा लागते, पोलिसात द्या लागते, लई झंझट. अन् सोनं असन, तर मंग आपन घरचेच मानसं. परवा तुझं भाषन आहे न? मी येतो. तिथंच सांग काय ते."

देवाजी केबिनबाहेर आले. खरं बोलावं तर नोकरी जाते आणि खोटं बोलावं तर चौदा वह्या पाण्यात. घरी आले तर धोंडबा म्हणाले, "माझं घोंगडं कुठी आहे? सोन्याचं राहू दे, मले थंडी वाजून राहिली." घोंगडं कुणीतरी चोरून नेलं होतं, पवित्र म्हणून. प्रेमिला रेशनची साखर घेऊन आली. तिचा चेहरा उजळला होता. एरवी तिला 'त्या पागलाची बायको' म्हणणाऱ्या बायांनी आज "या नं ताई, पुढं या" करून रांगेत पहिला नंबर दिला होता. पण देवाजींना त्या दिवशी कुणाचा चेहरा दिसतच नव्हता.

रविवारी वाचनालयाचं सभागृह खच्चून भरलं होतं. एरवी या व्याख्यानांना तीस डोकी येत, त्यातली दहा पेन्शनर आणि दहा झोपलेली. आज लोक खिडक्यांत बसले होते. कोराडीहून भैय्याजींनी बस भरून माणसं आणली होती. क्षणभर देवाजींना भरून आलं. मग दिसलं की अर्ध्या लोकांच्या खांद्यावर घोंगडी आहेत.

पण बोलले मात्र फर्मास! एकडोळ्या राक्षसाला टाळ्या, भूलभुलैयाला टाळ्या. लोकरीपाशी आले तेव्हा खिडक्यांतले लोकही पुढं वाकले. तिसऱ्या रांगेत गिरिधरराव पान चघळत होते. देवाजींनी त्यांच्याकडं पाहिलं, प्रेमिलाकडं पाहिलं, आणि मनाशी म्हणाले, जाऊ दे नोकरी. ज्या एका तासासाठी जन्म घालवला, त्यात खोटं बोलायचं नाही.

"मित्रहो, कोराडीच्या नाल्यात सोनं नाही," ते म्हणाले. "तिथं मी टाकलेलं पितळ आहे. गिरिधररावांच्या वर्कशॉपातलं, त्यांना न विचारता आणलेलं. दोन मुठी पितळाची आठ दिवसांत केवढी कथा झाली ते तुम्ही पाहिलंत. तीन हजार वर्षांपूर्वीही असंच झालं असेल. एवढंच मला सांगायचं होतं."

त्यांचं मन कसं हलकं झालं होतं. मग मागून भैय्याजी उठले.

"अध्यक्ष महोदय, मले एक सांगा. ज्याले सोनं सापडलं, तो मानूस कधी सभेत सांगते का, सापडलं म्हनून?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रा. हरकरे हसून उठले. "प्रश्न मार्मिक आहे. कथेच्या मुळाशी काहीतरी खरं असतंच, हे वक्त्यांनी आत्ताच इतकं उत्तम सिद्ध केलं की, त्यांच्या स्वतःच्या नाल्याबद्दल त्यांचंच म्हणणं मान्य करणं कठीण आहे."

"अहो, पण साक्षीदार आहे!" देवाजी ओरडले. "माझी बायको तिथं होती. कीस तिनंच पाण्यात सोडला. विचारा तिला! प्रेमिला, ऊठ. सांग सगळ्यांना."

तीनशे माना वळल्या. प्रेमिला पदर सावरत उभी राहिली. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. घामानं चिंब झालेला शर्ट, समोर पसरलेल्या वह्या. मग खाली मान घालून म्हणाली, "मले काय समजते? परातीत पिवळं होतं, चमकून राहिलं होतं. यायनं सांगतलं, कोनाले सांगू नको."

त्यानंतर काय झालं ते देवाजींना नीट आठवत नाही. कुणीतरी त्यांना खांद्यावर घेतलं. गिरिधररावांनी स्वतःच्या हातानं हार घातला आणि कानात म्हणाले, "पितळाचा विषय संपला, पार्टनर." प्रा. हरकऱ्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी मेश्रामांची तीन दिवसांची माला होईल आणि चौदाही वह्या वाचनालय छापेल. जे जे हवं होतं ते सगळं एका फटक्यात मिळालं, फक्त कुणी खरं मानलं नाही. देवाजी हार घालून खुर्चीत बसले. त्यांना रडायला येत होतं.

परतीच्या बसमध्ये कोराडीचा नाका आला तेव्हा देवाजींनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "काहून असं बोलली वं?"

"तुमी उभे होते नं वर एकटे," प्रेमिला म्हणाली. "मले पाहवलं नाही. इतके साल तुमी खरं सांगून राहिले, कोनी आयकलं का? मीबी झोपत होती. आज पहिल्यांदा लोकं तुमचं तोंड पाहून राहिले होते. ते मी माझ्या हातानं मोडू?"

इतक्या वर्षांत तिला आपल्याकडं असं पाहताना देवाजींनी पाहिलं नव्हतं. राग आला होता तो कुठं गेला कळलं नाही, आणि निराशा होती ती अजून खोल गेली.

प्रेमिला थोडी जवळ सरकली. आजूबाजूला पाहून आवाज उतरवून म्हणाली, "अवो, आता कोनी आयकून नाही राहिलं. मले तरी खरं सांगा. थोडंबी नवतं का?"

देवाजी तिच्या तोंडाकडं पाहतच राहिले. हिनंच कीस सोडला होता, चिमूट चिमूट, स्वतःच्या हातानं.

"होतं," ते म्हणाले. "थोडंसं."

"मले वाटलंच," प्रेमिला म्हणाली आणि समाधानानं खिडकीबाहेर पाहू लागली.